इंजेक्शनच्या रात्री जुनी लक्षणं परततात तेव्हा

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावर हल्ला करते तो आजार), यावरचं औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ‘हे उलटंच होतंय’ असं वाटणाऱ्यांची पत्रं बरीच येतात. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

इंटरफेरॉन बीटा सुरू होऊन तीन आठवडे झाले. इंजेक्शनच्या रात्री थंडी वाजून येते, अंग मोडून येतं. त्याहून वाईट म्हणजे, कधीच बरी झालेली डाव्या पायाची ताठरता आणि उजव्या डोळ्याचं धूसर दिसणं परत येतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं निवळतं. औषधानं आजार वाढतोय का?

तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही. लक्षणं जुनीच आहेत, इंजेक्शननंतर येतात आणि २४ तासांच्या आत जातात. या तीन गोष्टी जुळल्या की नवी इजा झाली असण्याची शक्यता फार कमी असते.

इंटरफेरॉन हा पदार्थ विषाणूंशी लढताना शरीर स्वतःच तयार करतं. तोच बाहेरून टोचला की शरीराला फ्लू झाल्यासारखं वाटतं. इंजेक्शननंतर साधारण दोन ते आठ तासांत कणकण, थंडी, डोकेदुखी आणि स्नायूंत दुखणं सुरू होतं. ताप चढला की दुसरा भाग सुरू होतो. एमएसच्या पूर्वीच्या अटॅकमध्ये ज्या मज्जातंतूचं मायलिनचं, म्हणजे संरक्षक स्निग्ध थराचं, आवरण गेलं, तो तंतू एरवी कसाबसा संदेश पोचवत असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी त्याला ते झेपत नाही आणि संदेश अडतो. म्हणून डोळा धूसर होतो, पाय जड होतो. अंग थंड झालं की संदेश पुन्हा पोचू लागतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उहथॉफ यांनी १८९० मध्ये शारीरिक श्रमांनंतर दृष्टी तात्पुरती मंदावलेल्या रुग्णांचं वर्णन केलं होतं, त्यामुळे या प्रकाराला आजही त्यांचंच नाव आहे.

ताठरता मात्र केवळ तापानं वाढते असं नाही, इंटरफेरॉननंही ती काही काळ वाढू शकते. आधीपासून पाय फार ताठरत असतील तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बॅक्लोफेन (ताठरता कमी करणारं औषध) चालू असेल तर त्याचा डोस किंवा वेळ बदलता येते, पण तो निर्णय त्यांचा. मनानं वाढवलंत तर पाय लुळे पडून तोल जाईल आणि अचानक थांबवलंत तर फिट येऊ शकते.

आता डोसबद्दल. दिवसाआड घ्यायच्या इंटरफेरॉन बीटा-१बीचा पूर्ण डोस २५० मायक्रोग्रॅम असतो, पण सुरुवात ६२.५ नं करतात. दर दोन आठवड्यांनी पायरी चढत १२५, मग १८७.५ आणि सातव्या आठवड्यापासून २५०. प्रत्येक पायरीवर एक-दोन रात्री त्रास पुन्हा वाढू शकतो, म्हणून त्या तारखांना कॅलेंडरवर खूण करून ठेवा. पहिल्याच दिवसापासून पूर्ण डोस सुरू झाला असेल तर तो कमी करून हळूहळू वाढवता येईल का, हे जरूर विचारा. आठवड्यातून एकदा किंवा तीनदा घ्यायच्या बीटा-१ए प्रकारांनाही अशा पायऱ्या आहेत, फक्त आकडे वेगळे. बहुतेकांचा त्रास पहिल्या तीन महिन्यांत खूपच ओसरतो.

इंजेक्शन संध्याकाळी उशिरा घ्या, म्हणजे सर्वांत वाईट तास झोपेत जातात. सुई टोचण्याआधी अर्धा तास औषध फ्रिजबाहेर ठेवा, गरम पाण्यात बुडवू नका. अंगावर हलके कपडे, उशाशी गार पाणी, कपाळावर आणि मानेवर ओला रुमाल एवढं पुरतं. बर्फाच्या पाण्यानं अंग पुसू नका, त्यानं हुडहुडी भरते आणि स्नायू आणखी आखडतात. आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं: त्या रात्री पलंगापासून संडासापर्यंतची वाट मोकळी आणि उजेडाची हवी. ताप स्वतः क्वचितच इजा करतो, अंधारात घसरून पडणं मात्र करतं.

पॅरासिटामॉल आधी घ्यावं की नंतर? आणि किती?

मोठ्या माणसासाठी नेहमीची पद्धत अशी: इंजेक्शनच्या अर्धा ते एक तास आधी ५०० ते १००० मिलिग्रॅम, आणि गरज वाटली तर चार ते सहा तासांनी पुन्हा. दोन डोसांत निदान चार तासांचं अंतर हवंच. २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल तर ही मर्यादा आणखी खाली येते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

इथे चूक होते ती अशी, की सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं आणि नकळत दुप्पट जातं. इंटरफेरॉनमुळेही यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, त्यामुळे सांगितलेल्या तारखांची रक्ततपासणी चुकवू नका. आयब्युप्रोफेन काहींना जास्त लागू पडतं, पण जठरात व्रण, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर विचारल्याशिवाय नको.

एमएसवरच्या डायमिथाइल फ्युमरेटच्या कॅप्सूलनंतर चेहरा लालबुंद होतो, कानशिलं तापतात आणि पोटात मुरडा येतो. बंद करू का?

लगेच नको. लाली येते ती प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्या रसायनामुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून. पोटाचा त्रास बहुधा पहिल्याच महिन्यात जास्त असतो. पहिले सात दिवस १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि मग २४० मिलिग्रॅम दोनदा, हा क्रम पाळला गेला का ते आधी तपासा. कॅप्सूल रिकाम्या पोटी घेऊ नका, प्रथिनं आणि स्निग्धांश असलेल्या जेवणाच्या मध्ये घ्या. ती फोडून किंवा चावून खाऊ नका, कारण आतल्या कणांवरचं आवरण जठराला वाचवण्यासाठी असतं.

लाली फारच त्रासदायक असेल तर डॉक्टर कॅप्सूलच्या अर्धा तास आधी ३२५ मिलिग्रॅमपर्यंत साधी, म्हणजे जठरसंरक्षक आवरण नसलेली अ‍ॅस्पिरिन सुचवू शकतात. हा उपाय कायम चालवायचा नाही. पोट अजिबात ऐकत नसेल तर डॉक्टर डोस काही काळ १२० वर आणून चार आठवड्यांच्या आत पुन्हा २४० वर नेतात. ओठ-जीभ सुजणं किंवा धाप लागणं हे लालीत मोडत नाही, तेव्हा थेट रुग्णालय गाठा.

ग्लॅटिरामर हे एमएसवरचं इंजेक्शन टोचल्यावर दोन मिनिटांत छाती आवळली, धडधड झाली. वीस मिनिटांत थांबलं. हृदयविकार होता का?

या औषधाची ही ओळखीची प्रतिक्रिया आहे. ती पहिल्याच नव्हे, कित्येक महिन्यांनंतरच्या इंजेक्शनलाही येते आणि बहुधा आपोआप थांबते. तरीही पहिल्यांदा झाली तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा आणि पुढचं इंजेक्शन त्यांच्याशी बोलूनच घ्या. कारण याच औषधानं तीव्र अ‍ॅलर्जीही, क्वचित का होईना, होऊ शकते आणि सुरुवातीला दोन्ही सारखीच दिसतात. त्रास थांबण्याऐवजी वाढत गेला, अंगावर पित्त उठलं, घसा आवळला किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर वीस मिनिटं वाट पाहू नका, ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

मग खरा रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा अटॅक, ओळखायचा कसा?

घड्याळ आणि थर्मामीटर जवळ ठेवा. नवं लक्षण, किंवा जुनं पण स्पष्टपणे वाढलेलं लक्षण, ताप आणि संसर्ग नसताना सलग २४ तासांपेक्षा जास्त टिकलं, तर रिलॅप्सचा विचार करायचा. वहीत चार रकाने पुरे: इंजेक्शनची वेळ, तापमान, काय झालं, कधी थांबलं. ‘काल फार त्रास झाला’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही, या चार रकान्यांवर येतं.

ताप इंजेक्शनशी जुळत नसेल तर लघवी तपासून घ्या. एमएसमध्ये अनेकांचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, म्हणून संसर्ग वारंवार होतो, आणि काही वेळा जळजळ न होता फक्त पाय गळून जातात. अशा वेळी रिलॅप्स समजून घाईनं स्टिरॉइड देणं चुकीचं ठरतं. संसर्ग तसाच राहतो आणि आणखी बळावू शकतो. आधी लघवीचा अहवाल, मग स्टिरॉइडचा विचार, हा क्रम डॉक्टरांकडे आग्रहानं मागायला हरकत नाही.

एका डोळ्याची दृष्टी दुखत-दुखत कमी होत जाणं, लघवी अडणं, कमरेखालचा भाग बधिर होणं, डोळे पिवळे होणं किंवा मनात जीव द्यायचे विचार येणं, यांतलं काहीही झालं तर २४ तास मोजत बसू नका.

लग्नाच्या धामधुमीत चार-पाच दिवस औषध बंद ठेवलं तर चालेल?

ते औषधावर अवलंबून आहे. इंटरफेरॉनचा एखादा डोस पुढेमागे करायचा असेल तर आधी बोलून वेळापत्रक बदलता येतं, पण राहिलेला डोस भरून काढायला दोन इंजेक्शनं एकदम घ्यायची नाहीत. फिंगोलिमोड या एमएसवरच्या तोंडानं घ्यायच्या औषधाचं गणित कडक आहे. त्याच्या पहिल्या डोसनं नाडी मंदावते, म्हणून तो सहा तास देखरेखीखाली देतात. पहिल्या दोन आठवड्यांत एक दिवस जरी चुकला तरी ती देखरेख पुन्हा करावी लागते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सात दिवसांपेक्षा जास्त आणि महिन्यानंतर चौदा दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तरी तेच. तेव्हा लग्नाला जाताना गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या सामानात नको.