ईसीएम बदलण्याआधी अर्थिंग तपासलं का?

पावसाळा लागला की माझ्या टेबलावर ईसीएमचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे, डबे येऊ लागतात आणि त्यांच्या मागोमाग पत्रं. गाव वेगळं, गाडी वेगळी, प्रश्न तोच: ‘गॅरेजवाले म्हणतात ईसीएम गेला, बदलू का?’ आलेल्या डब्यांपैकी कितीतरी ठणठणीत असतात. म्हणून या वेळी ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

चेक इंजिनचा दिवा लागला म्हणजे ईसीएम खराब झाला का? (नाशिक)

नाही. तो दिवा ईसीएमच लावतो, म्हणजे बहुधा तो काम करतोय. स्कॅनर लावून बिघाडाचे कोड कागदावर लिहून घ्या आणि मगच पुढचं बोला.

बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवली की ईसीएम ‘रीसेट’ होऊन बरा होतो म्हणतात. (लातूर)

होत नाही. फार तर साठवलेले कोड पुसले जातात, बिघाड तिथेच राहतो. शिवाय तपासणाऱ्याच्या हातातला पुरावा जातो.

२०१४ ची पेट्रोल गाडी. सेल्फ मारतो, पण सुरू होत नाही. स्कॅनर ईसीएमशी बोलतच नाही. मेकॅनिकने पस्तीस हजारांचं एस्टिमेट दिलंय. (सोलापूर)

त्यांना एकच विचारा: मोजलं काय? स्कॅनर गप्प बसला एवढ्यावरून ईसीएम मेला असं ठरवणं म्हणजे फोन उचलला नाही म्हणून माणूस गेला म्हणण्यासारखं आहे.

ईसीएमला आधी करंट मिळायला हवा. तो फ्यूज आणि मेन रिलेमधून येतो. मग अर्थिंग हवं, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडे परत जायचा रस्ता. इथे बहुतेक जण मल्टिमीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की ‘सप्लाय ओके’ म्हणतात. वायरची एक तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्टच दाखवेल, कारण मीटर करंट ओढतच नाही. ईसीएमच्या कपलरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) सप्लाय आणि अर्थच्या पिनांमध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून बघा. झगझगीत पेटला तर सप्लाय खरा. मंद पेटला तर दोष वायरिंगमध्ये आहे, डब्यात नाही. सेल्फ मारत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या आसपास फरक दिसला तर अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा ढिली आहे. ती बदलायला काही शे रुपये लागतात.

यानंतर कॅन लाइन, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात ती. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजला तर साधारण ६० ओहम यायला हवा. १२० आला तर लाइन कुठेतरी तुटली आहे, शून्याच्या जवळ आला तर शॉर्ट आहे.

आणि सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: पाच व्होल्टची लाइन. ईसीएम बऱ्याच सेन्सरांना एकाच लाइनवरून पाच व्होल्ट पुरवतो. त्यातला एक सेन्सर किंवा एक घासलेली वायर शॉर्ट झाली की काही गाड्यांत ईसीएम पूर्ण मुका होतो. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिला दोन ईसीएम लावून झाले होते. मी सेन्सरांचे कपलर एकेक करून काढत गेलो. एसी प्रेशर सेन्सरचा निघाला आणि स्कॅनर बोलायला लागला. उंदराने कुरतडलेली वायर होती. मालकांनी दोन डब्यांचे पैसे भरले होते आणि ते परत मिळाले नाहीत. याचा मला आजही राग येतो.

समजा हे सगळं ठीक निघालं आणि ईसीएम खरंच गेलाय. तरीही तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा लावू देऊ नका. इग्निशन कॉइल आतून शॉर्ट असेल तर तिला चालवणारा ईसीएममधला ट्रान्झिस्टर जळू शकतो. तीच कॉइल ठेवून नवा डबा लावला तर तोही जळू शकतो. कॉइल, इंजेक्टर, अल्टरनेटरचा व्होल्टेज, हे आधी तपासायचं. मोजलेले आकडे एस्टिमेटवर लिहून मागा. लिहून देत नसतील तर दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवा.

जुन्या बाजारात त्याच मॉडेलचा ईसीएम सात हजारांत मिळतोय. ‘लावा आणि चालवा’ म्हणतात. (कल्याण)

इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तसं होत नाही. चावीतल्या चिपचा कोड ईसीएमशी जुळवलेला असतो. परका ईसीएम लावला तर गाडी सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते. जुन्या डब्यातला डेटा वाचून दुसऱ्यात भरावा लागतो, म्हणून जुना डबा कुणालाही ‘एक्स्चेंज’मध्ये देऊन टाकू नका. लेबलवरचा पूर्ण नंबर जुळला पाहिजे, नुसतं मॉडेलचं नाव जुळून भागत नाही. बीएस ४ आणि बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाची मानकं), पेट्रोल आणि सीएनजी यांचे डबे बाहेरून सारखे दिसू शकतात. कॉमन रेल डिझेलमध्ये बहुधा प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोडही नव्या ईसीएममध्ये भरावा लागतो.

कुणी ‘इमोबिलायझर कायमचा बंद करून देतो’ म्हणाला तर तिथून निघा. आणि बिल मिळत नसेल तर तो डबा कुठून आलाय याचा विचार करा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून किंवा बेंचवर तपासून लेखी वॉरंटी देणाऱ्याकडूनच काम करून घ्या.

पुरात गाडीत सीटपर्यंत पाणी होतं. दोन दिवस ऊन दिलं, सुरू झाली, व्यवस्थित चालते. तरी दाखवायची गरज आहे का? (चिपळूण)

आहे, आणि आजच. पाणी सुकतं, त्यातला क्षार आणि गाळ कपलरमध्ये राहतो. दमटपणा आणि करंट एकत्र आले की तांब्याच्या पिना हिरव्या पडून झिजत जातात. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर आणि २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर माझ्याकडे आलेल्या गाड्यांचे मालक हेच सांगत होते: ‘महिनाभर चांगली चालली.’ तो महिना वाया गेला नसता तर कपलर साफ करून भागलं असतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ज्यांनी पुरातली गाडी अजून सुरू केलेली नाही त्यांनी सेल्फ मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी राहिलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू नका. मग ईसीएम आणि त्याच्याजवळचे सगळे कपलर जाणकाराकडून उघडून घ्या.

ओबीडी सॉकेटला लावायचं मायलेज वाढवणारं यंत्र घेतलंय. ईसीएमला धोका आहे का? (नागपूर)

काढून टाका. मी उघडलेल्या यंत्रांमध्ये लुकलुकणाऱ्या एलईडींपलीकडे काही नव्हतं.

अपघातानंतर बॉडीवर वेल्डिंग करायचंय. ईसीएम काढावा का? (मडगाव)

बॅटरीच्या दोन्ही वायर काढा, मग ईसीएमचे कपलर सोडवा. बॅटरी जोडलेली असताना ते ओढू नका. वेल्डिंगची अर्थ क्लिप कामाच्या जागेच्या अगदी जवळ लावायला सांगा. एअरबॅगचे कपलर मात्र स्वतः हाताळू नका, ते सर्व्हिस सेंटरच्या माणसाकडूनच काढून घ्या.