वाचकांचे प्रश्न : वेबमेलवर बंदी, पण कुणावर?

प्रश्न : आमच्या संस्थेत पंचवीसेक जणांच्या ईमेलसाठी स्वतःचा सर्व्हर आहे. पोस्टफिक्स (मेल पाठवणं-घेणं) आणि डव्हकॉट (मेलपेट्या आणि लॉगिन) थेट मशीनवर, राउंडक्यूब (वेबमेल) डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात, आणि पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा प्रॉक्सी). कुणीतरी सारखं पासवर्ड आजमावतं, म्हणून वारंवार चुकणारे पत्ते आपोआप अडवणारं फेलटूबॅन बसवलं. तर सगळ्यांचंच वेबमेल बंद पडलं, आउटलुक मात्र चालू. असं का? आणि दोन टप्प्यांचं लॉगिन लावलं की भागेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बंदी तुमच्याच राउंडक्यूबवर पडली. वेबमेलमधून लॉगिन कुणीही करो, डव्हकॉटला दिसतो तो कंटेनरचा आयपी पत्ता, १७२.१८ वगैरेनं सुरू होणारा. चुकीचे पासवर्ड पडत गेले की फेलटूबॅन तोच पत्ता अडवतं. आउटलुक थेट डव्हकॉटकडे येतं, म्हणून ते वाचलं. (राउंडक्यूब डॉकरविना त्याच मशीनवर असतं तर उलटं झालं असतं. स्वतःच्या मशीनचे पत्ते फेलटूबॅन मुळातच वगळतं, त्यामुळे बंदी कुणावरच पडली नसती आणि तुम्हाला काही कळलंही नसतं.)

आधी फेलटूबॅनच्या ‘अनबॅनआयपी’ आदेशानं तो पत्ता सोडवा आणि डव्हकॉटच्या जेलमध्ये (फेलटूबॅनच्या त्या सेवेपुरत्या नियमांत) ‘इग्नोरआयपी’त, म्हणजे वगळायच्या पत्त्यांत, कंटेनरचं नेटवर्क घाला. मग ‘राउंडक्यूब-ऑथ’ हा वेगळा जेल चालू करा. तो राउंडक्यूबचा एरर लॉग वाचतो, पण डॉकरमध्ये हा लॉग सहसा फाइलीत न जाता कन्सोलवर जातो. म्हणून राउंडक्यूबचा लॉग ड्रायव्हर ‘फाइल’ करा आणि लॉगचा फोल्डर होस्टवर (मूळ मशीनवर) माउंट करा, म्हणजे फेलटूबॅनला तो वाचता येईल. आता मोबाइल डेटावरून मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून ‘लॉगिन फेल्ड’ची ओळ बघा. ‘फ्रॉम’पुढे मोबाइलचा पत्ता हवा. तिथे प्रॉक्सीचाच पत्ता असेल तर कंटेनरमधल्या अपाची वेबसर्व्हरला, प्रॉक्सीनं कळवलेला खरा पत्ता घेणारं ‘रिमोटआयपी’ मॉड्यूल लावा, आणि भरवसा फक्त आपल्या प्रॉक्सीवर ठेवा. नाहीतर कुणीही दुसऱ्याचा पत्ता लिहिलेलं खोटं हेडर धाडून भलत्याच्याच माथी बंदी मारेल. शेवटी ‘फेलटूबॅन-रेजेक्स’नं ती ओळ जेलच्या नमुन्याशी जुळते का ते तपासा.

१० मिनिटांत ५ चुका, १ तास बंदी, एवढं पुरे. मोबाइल कंपन्या एका पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवतात. आठवड्याची बंदी घातलीत तर तुमचेच लोक अडकतील.

दोन टप्प्यांचं प्लगइन फक्त वेबमेल राखतं. चोरलेला पासवर्ड पोर्ट ९९३ वर आयमॅपला (मेल वाचायला) आणि ५८७ वर एसएमटीपीला (मेल पाठवायला) तसाच चालतो. तेव्हा वेबमेलचे पासवर्ड डव्हकॉटच्या ‘अलाऊ नेट्स’ या सेटिंगनं कंटेनरच्या नेटवर्कपुरते बांधा आणि आउटलुकसाठी प्रत्येकाला वेगळा, लांबलचक पासवर्ड द्या. दुसऱ्या टप्प्याचा कोड दर ३० सेकंदांनी बदलतो. पावसात वीज गेली आणि मदरबोर्डचा सेल संपलेला असला, की सर्व्हरचं घड्याळ भरकटतं आणि बरोबर कोडही नाकारला जातो. म्हणून घड्याळ जुळवत राहणारं क्रोनी चालू ठेवा.

राउंडक्यूब १.६.११ च्या (१.५ मालिकेत १.५.१० च्या) आधीचं असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी अपडेट करा. सीव्हीई-२०२५-४९११३ या त्रुटीमुळे एका साध्या खात्याचा पासवर्ड मिळाला तरी सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येतो.