करार अर्ध्यावर सोडताना

सस्नेह आशीर्वाद.

पुण्याच्या कंपनीसाठी तू पतसंस्थेच्या ॲपचं जे डिझाइन करते आहेस त्याचं कॉन्ट्रॅक्ट आणि बंगळूरच्या कंपनीची नोकरीच्या ऑफरची मेल, दोन्ही काल रात्री सावकाश वाचलं. ‘सहा महिन्यांचं काम तिसऱ्या महिन्यात सोडणं ही बेइमानी होईल का?’ असं तू विचारलं आहेस. तो प्रश्न आधी घेते, कारण तो मनात घोळत असताना बाकीचा हिशेब धड होणार नाही.

बेइमानी होणार नाही. करार संपवण्यासाठी पुण्याच्या कंपनीने स्वतःला १५ दिवसांची मुदत ठेवली आहे आणि तुला ३० दिवसांची. मध्येच थांबायची वेळ येऊ शकते, हे सही करतानाच दोघांनी मान्य केलेलं आहे. उद्या त्यांच्याकडचे पैसे आटले असते तर त्यांनी तुला पंधरा दिवसांत मोकळं केलं असतं आणि त्याबद्दल कुणी त्यांना नावं ठेवली नसती. ३० दिवसांची नोटीस देऊन, हातातलं काम नीट सोपवून निघणं म्हणजे करार पाळणंच आहे. सोमवारी सकाळी ‘मला जमणार नाही’ असा मेसेज टाकून फोन बंद ठेवलास, तर मात्र तो मोडलास.

माझं मत विचारशील तर जा. पण पतसंस्थेतला पायलट, म्हणजे ॲपच्या प्रत्यक्ष वापराची चाचणी, संपवून जा. तो चार आठवड्यांत संपतोय आणि नोटिशीची मुदतही जवळपास तेवढीच आहे. बंगळूरच्या लोकांना तू हवी असशील तर एक महिना ते थांबतील. बहुतेक कंपन्यांत कायम नोकरीतला माणूस यायला दोन-तीन महिने लावतोच, त्याची त्यांना सवय असते. ‘पुढच्या आठवड्यातच या, नाहीतर ऑफर रद्द’ असं ते म्हणाले, तर मला त्या जागेची काळजी वाटेल. अशा घाईमागे बऱ्याचदा कुणीतरी अचानक निघून गेलेलं असतं आणि ते का गेलं हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही.

आता दोन महिन्यांची फी भरपाई म्हणून द्यायचं कलम, ज्याने तुझी झोप उडवली आहे. ते नोटीस न देता काम सोडल्यास लागू होतं, म्हणजे नोटीस दिलीस तर तो विषयच उरत नाही. तरी कायदा माहीत असू दे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाई किती, ते कोर्ट ठरवतं. आकडा छापला म्हणून तो आपोआप पूर्ण वसूल होत नाही. आणि तुला खुर्चीत बसवून उरलेले स्क्रीन करून घेण्याचा आदेश कुठलंही कोर्ट देणार नाही. व्यक्तीच्या कौशल्यावर अवलंबून असलेले करार असे सक्तीने पुरे करून घेता येत नाहीत, हे १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातच (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) आहे.

दुसरं कलम आहे ‘दोन वर्षं स्पर्धक कंपनीसाठी काम करणार नाही’ हे. करार संपल्यानंतरच्या काळासाठी अशी बंधनं आपल्याकडे करार कायद्याच्या कलम २७ मुळे साधारणपणे टिकत नाहीत. करार चालू असतानाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि त्यावरचा महत्त्वाचा निकाल आपल्या कल्याणमधल्या प्रकरणातला आहे. निरंजन शंकर गोळीकरी नावाचे गृहस्थ १९६३ मध्ये सेंच्युरी कंपनीच्या कल्याणच्या टायर कॉर्ड (टायरमधला मजबूत धागा) विभागात पाच वर्षांच्या करारावर लागले. परदेशी कंपन्यांकडून आलेलं तंत्र त्यांना तिथे शिकवलं गेलं. मुदत संपण्याआधीच ते राजस्थानातल्या कोटा शहरातल्या, त्याच धंद्यातल्या कंपनीत गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरची मनाई कायम ठेवली, कारण ती उरलेल्या मुदतीपुरती आणि तशाच कामापुरती होती. तुझी नवी कंपनी मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर करते, पतसंस्थांचं नाही, म्हणून हा निकाल तुझ्या आड येत नाही. पण उद्या एखाद्या बँकिंग कंपनीची ऑफर आली, तर आधीचा करार रीतसर संपवल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नकोस. गोपनीयतेचं कलम तर करार संपल्यावरही चालू राहील. पतसंस्थेच्या खातेदारांचे स्क्रीनशॉट पोर्टफोलिओत टाकायचे नाहीत, नावं झाकूनसुद्धा.

पैशांकडे येते. आज महिन्याला ७०,००० मिळतात आणि समोर वर्षाला १४ लाख दिसतात, त्यामुळे आकडा एकदम मोठा वाटतो. पण तो सीटीसी आहे, म्हणजे कंपनीला तुझ्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च. त्यात कंपनीने भरायचा पीएफ आहे, आणि व्हेरिएबल पे कामगिरीवर अवलंबून आहे. दरमहा हातात किती येणार ते त्यांच्याकडून लिहून घे. बंगळूरात घराचं डिपॉझिट पुण्यापेक्षा बरंच जास्त मागतात, तेही धर. तरीही हिशेब नोकरीच्या बाजूनेच झुकतो असं मला वाटतं. पैशांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे तुझ्यावर एक अनुभवी डिझाइनर असणार आहे. गेली दोन वर्षं तुझं काम तपासणारं कुणी नव्हतं, आणि तुझ्या वयात ती उणीव फार मोठी आहे.

दोन्ही कामं काही काळ एकत्र करायचा विचार सोडून दे. नोकरीच्या करारात बहुतेक वेळा बाहेरच्या कामाला मनाई असते. २०२२ मध्ये विप्रोने एकाच वेळी दुसरीकडे काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा केवढी चर्चा झाली ते तुला आठवत असेल.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. फिग्माची, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली, फाइल सोपवली म्हणजे काम सोपवलं असं समजू नकोस. तुझ्या स्क्रीनवर रक्कम भरायचा चौकोन एवढा मोठा का आहे, ते फाइल सांगत नाही. पिग्मी एजंट, म्हणजे रोज फिरून छोटी बचत गोळा करणारा माणूस, भर उन्हात दुकानाच्या पायरीवर उभा राहून एका हाताने फोन वापरतो म्हणून तो मोठा आहे. मंडईत आत रेंज जाते म्हणून पावती आधी फोनमध्ये साठते आणि नंतर वर चढते. ‘क्रेडिट’च्या जागी ‘जमा’ ठेवलं, कारण खातेदार भाजीवाली पासबुकात तोच शब्द बघते. ओळींमधलं अंतर वाढवलं, कारण काही फोनवर वेलांट्या आणि मात्रा वरून कापल्या जात होत्या. ल आणि श मराठी वळणाचे दिसावेत म्हणून मजकुराची भाषा मराठी नोंदवली. तुझ्यानंतर येणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो पहिल्याच आठवड्यात चौकोन लहान करील, अंतर कमी करील, आणि साताऱ्याचा एजंट पुन्हा कागदी पावतीपुस्तक काढील.

म्हणून प्रत्येक निर्णयामागचं कारण मराठीत लिहून ठेव. जे प्रयोग फसले तेही लिही, नाहीतर पुढचा माणूस तेच पुन्हा करून बघेल. शेवटच्या आठवड्यात नव्या डिझाइनरला एजंटांबरोबर एकदा फेरीला पाठव आणि शक्य असेल तर स्वतः सोबत जा. तुझ्यावर विश्वास ठेवून ज्यांनी तुला आपल्या फेरीत घेतलं, ती माणसं पुण्याच्या ऑफिसात बसलेली नाहीत. त्यांचं नुकसान होऊ नये हे मला करारातल्या कुठल्याही कलमापेक्षा मोठं वाटतं.

बिलांचं थोडक्यात. पायलट संपेपर्यंतच्या कामाचं बिल नेहमीच्या तारखेला दे. उद्यम नोंदणी तू सुरुवातीलाच केलीस ते चांगलं झालं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या पोर्टलवर तुझ्या नावावर दिसतो का तेही बघ. तुझ्या करारात डिझाइनचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावर त्यांच्याकडे जातात, म्हणजे तोपर्यंत ते तुझेच आहेत. पण म्हणून फायली अडवून ठेवू नकोस. पायलट चालू असताना फाइल अडली तर त्रास एजंटांना होईल, अकाउंट्सवाल्यांना नाही.

आणि क्रम चुकवू नकोस. आधी बंगळूरचं सही केलेलं ऑफर लेटर, त्यात रुजू होण्याची तारीख आणि हातात येणारी रक्कम. तोंडी ‘तुमचं पक्कं आहे’ यावर नोटीस द्यायची नाही. पत्र हातात आलं की इथल्या प्रमुखांना आधी फोन, मेल त्यानंतर. तुझं जाणं त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. मेल एवढीच पुरे:

‘आपल्या करारातील तरतुदीनुसार मी आजपासून ३० दिवसांची नोटीस देत आहे. या मुदतीत पायलट पूर्ण करीन, निर्णयांची लेखी नोंद देईन आणि नव्या डिझाइनरला काम समजावून देईन. आजवरच्या कामाबद्दल आभार.’

कारणं लिहू नकोस, जादा पैशांचा उल्लेख तर मुळीच नको. त्यांनी फी वाढवून थांबायला सांगितलं तर तिथल्या तिथे हो म्हणू नकोस, एक रात्र घे आणि मला फोन कर. करारातलं अकरावं कलम स्कॅनमध्ये अर्धं कापलं गेलंय, नोटीस मेलने चालते की पत्रच लागतं ते त्यातच असावं. त्या पानाचा फोटो आज संध्याकाळपर्यंत पाठव.