विमानाच्या टायर-प्रेशर सेन्सरची टेस्ट: कंप्रेसर आणि गेजवर भागेल का?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या तुमच्या शॉपला अशा सेन्सरसाठी टेस्ट बेंच बनवायची चौकशी आलीय आणि कंप्रेसर, चांगला गेज एवढ्यावर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागणार.

शॉपमधला कंप्रेसर साधारण आठ-दहा बारला थांबतो. प्रवासी विमानाच्या टायरला लागतात २०० पीएसआय, म्हणजे जवळपास १४ बार. तेव्हा नायट्रोजनचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर आपोआप सोडणारा) घ्या. टायर मात्र नकोच. सेन्सर बसेल असा छोटा जाड ब्लॉक मशीन करा, आत गॅस जितका कमी तितका धोका कमी.

खरी मेख तापमानात आहे. दर तीन अंशांना प्रेशर सुमारे एक टक्का हलतं. आपल्याकडे सकाळी १८ आणि दुपारी ३३ अंश असले, तर त्याच टायरमध्ये दहा-अकरा पीएसआयचा फरक दिसतो, गळती शून्य असताना! आणि एफएए, म्हणजे अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेच्या मार्गदर्शनानुसार प्रेशर ९५ टक्क्यांखाली गेलं की कारण शोधायचं, ९० खाली चाक उतरवायचं, ८० खाली शेजारचंही. एवढ्या बारीक फरकावर निर्णय होतो, म्हणून एकाच तापमानाला घेतलेलं रीडिंग फुकट. ब्लॉक गार-गरम करता येणाऱ्या चेंबरमध्ये ठेवा, रेफरन्स गेज बारीक नळीने बाहेर काढा. गार, साधं, गरम अशा प्रत्येक तापमानाला प्रेशर पायरीपायरीने चढवा आणि तसंच उतरवा. चढताना-उतरताना आकडे जुळले नाहीत तर सेन्सर बाजूला.

सेन्सर ॲब्सोल्युट प्रेशर (निर्वातापासून मोजलेलं) दाखवतो की गेज प्रेशर (बाहेरच्या हवेच्या वर किती), हे आधी विचारून घ्या. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, इथं हवेचा दाब १३.४ पीएसआयच्या आसपास. गेजच्या आकड्याचा ॲब्सोल्युट करताना त्यात पुस्तकातला १४.७ मिळवलात की सव्वा पीएसआय तिथंच चुकला. बॅरोमीटर बेंचवरच असू द्या.

गळतीची टेस्ट विसरू नका. चाकाला भोक पाडून बसवलेला सेन्सरच गळला तर राखणदारानंच घर फोडल्यासारखं. २००८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया इथं उड्डाण घेताना लिअरजेट ६० या छोट्या जेट विमानाचे टायर फुटले, चौघे गेले. त्या टायरचं प्रेशर सुमारे तीन आठवडे तपासलंच नव्हतं.

कंपन, धक्का, वीज पडणं या डीओ-१६० (विमानातल्या उपकरणांच्या चाचण्यांचं मानक) च्या टेस्ट तुमच्या बेंचवर होणार नाहीत, त्याला वेगळी लॅब लागते. कोटेशनमध्ये हे स्पष्ट लिहा, आणि रेफरन्स गेजच्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्य लॅबमधल्या कॅलिब्रेशनचा खर्च त्यातच धरा. तो नंतर मागायला गेलात की गिऱ्हाईक कुरकुरतंय बघा.