आधी एबीसीडी नको, आधी भुवया

शेजारी राहायला आलेल्या वहिनी कर्णबधिर आहेत, त्यांच्याशी सांकेतिक भाषेत (हातांच्या खुणांनी) बोलायला आधी हाताची एबीसीडी पाठ करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. मी तेच केलं होतं.

माझे धाकटे दीर जन्मापासून कर्णबधिर. लग्न ठरल्यावर मी यूट्यूब बघून आठवडाभर बोटांनी अक्षरं घोटली. सासरच्या पहिल्याच पंगतीत भाऊजींना ‘भाजी वाढू का’ असं एकेक अक्षर करून विचारायला लागले. माझं ‘वाढू’ होईपर्यंत त्यांनी स्वतःच भाजी वाढून घेतली! वर ती अक्षरं निघाली अमेरिकन, एका हाताची. आपल्याकडे ती दोन हातांनी करतात.

अक्षरं लागतात ती माणसांच्या, गावांच्या नावांना. बाकी शब्दांना स्वतंत्र खुणा आहेत, आणि व्याकरण बरंचसं चेहऱ्यावर. पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली की जेवण. तेच करताना भुवया वर आणि मान जराशी पुढे: ‘जेवलात का?’ चेहरा मख्ख ठेवलात तर हात कितीही सफाईने चालू द्या, प्रश्न पोचतच नाही. मला आरशासमोर भुवया उडवायची इतकी लाज वाटायची की मी न्हाणीघराची कडी लावून सराव करायचे.

शब्दांचा क्रम आपल्याला जड जात नाही. क्रियापद शेवटी, ‘काय’, ‘कुठे’, ‘नाही’ हेही शेवटी. ‘तुमचं घर कुठे?’ जवळजवळ तसंच. ‘आहे’ला वेगळी खूण नाही, विभक्तीचे प्रत्यय तर शोधूच नका.

शब्दांसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा कोश बघा. 2018 मध्ये 3,000 शब्दांनिशी निघाला, 2021 पर्यंत 10,000 झाले. व्हिडिओ आहेत, फुकट. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेत चौकशी करा. काही खुणा गावागणिक बदलतात, तेव्हा कोशातली खूण आणि वहिनींची खूण वेगळी दिसली तर वहिनींची घ्या.

हाक मारायची तर खांद्याला हलकेच हात लावा, लांब असतील तर हात हलवा. खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका, तुमचा चेहरा अंधारात जातो. आणि ओरडू नका हो, ओठ वेडेवाकडे होतात.

स्वतःच्या नावाची, अक्षरांऐवजी वापरायची खूण स्वतः ठरवू नका. ती त्या देतील. माझी खूण म्हणजे हनुवटीवरच्या तिळावर टेकवलेलं बोट. भाऊजींनी ती द्यायला वर्ष लावलं.