कोणत्या अमेरिकी शहराचे भवितव्य उज्ज्वल?

प्रश्न : आमच्या मित्रमंडळींत अमेरिकेतील शहरांवरून वाद झाला. काहींच्या मते उद्याचा काळ फीनिक्स, ऑस्टिन अशा झपाट्याने वाढणाऱ्या शहरांचा आहे. डेट्रॉइट, क्लीव्हलँड ही उत्तरेकडील जुनी औद्योगिक शहरे संपल्यातच जमा आहेत. आपले मत काय?

उत्तर : केवळ लोकसंख्या पाहून भाकीत करायचे, तर १९५० मध्ये डेट्रॉइटवरच पैज लावावी लागली असती. तेव्हा तेथे सुमारे साडेअठरा लाख लोक राहत होते. २०२० च्या जनगणनेत ते ६ लाख ३९ हजारांवर आले, आणि २०१३ मध्ये तर शहराने दिवाळखोरीच जाहीर केली. म्हणून माझ्या मते खरी कसोटी पाण्याची आणि घरबांधणीच्या नियमांची आहे.

फीनिक्सचेच पाहा. ॲरिझोनाच्या १९८० च्या भूजल कायद्यानुसार त्या परिसरात नवी वसाहत उभारणाऱ्याला शंभर वर्षे पुरेल इतक्या पाण्याची हमी दाखवावी लागते, आणि जून २०२३ मध्ये राज्य सरकारने केवळ भूजलाच्या भरवशावर आखलेल्या नव्या वसाहतींना ही मान्यता देणे थांबवले. यामुळे शहर उद्याच कोरडे पडेल असे नव्हे, कारण त्याला सॉल्ट आणि कोलोरॅडो या नद्यांचेही पाणी मिळते. मात्र शहराबाहेरच्या स्वस्त जमिनीवर पसरत जाण्याची जी सवय या भागाला लागली, तिला आता आवर घालावा लागणार आहे. (त्याच उन्हाळ्यात तेथे सलग ३१ दिवस तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले होते, हेही तुमच्या मित्रांना सांगा.)

याउलट डेट्रॉइट, क्लीव्हलँड ज्यांच्या खोऱ्यात वसली आहेत, त्या उत्तरेकडील पंचमहासरोवरांचे पाणी त्या खोऱ्याबाहेर नेण्यास २००८ च्या आंतरराज्य कराराने जवळजवळ बंदीच आहे. मिशिगन सरोवरापासून फार दूर नसलेल्या वॉकेशा शहराला, केवळ ते खोऱ्याच्या रेषेपलीकडे असल्यामुळे, सरोवरांभोवतीच्या आठ राज्यांची संमती घ्यावी लागली, आणि २०१६ मध्ये ती मिळाली तीही वापरलेले पाणी शुद्ध करून परत खोऱ्यात सोडण्याच्या अटीवर. अर्थात पाणी उशाशी असूनही डेट्रॉइट ओस पडलेच, कारण त्याची सारी भिस्त मोटारउद्योगावर होती.

ऑस्टिनबद्दल तुमच्या मित्रांचे म्हणणे मला बरेचसे पटते. तेथे घरे भराभर बांधली गेली आणि त्यामुळे भाडी उतरली. तरीही एकच नाव घ्यायचे झाल्यास मी मिनियापोलिसचे घेईन. दाराशी मिसिसिपी आहे, मोठे विद्यापीठ आहे, आणि एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर हा जुना नियम मोडून तीन घरांपर्यंत परवानगी देणारा आराखडा तेथील नगर परिषदेने २०१८ मध्येच मंजूर केला. पुढे तो न्यायालयीन वादात अडकला, पण २०२४ मध्ये राज्य विधिमंडळाने कायदा करून त्याची वाट मोकळी केली. थंडी मात्र तेथे हाडे गोठवणारी असते, आणि तेवढ्यासाठी कोणी ऑस्टिन निवडले तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही.