वाचकांचे प्रश्न: जुना भाव, पण कोणता?

प्रश्न: याहू फायनान्सवरचे भाव आणणाऱ्या पायथनच्या वायफायनान्स लायब्ररीने जीएसएफसी या खत कंपनीचे 2015 ते 2024 चे रोजचे भाव उतरवून घेतले. वडिलांची 2016 ची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेली व्यवहाराची पावती, घरात आहे. तिच्यातल्या भावापेक्षा तक्त्यातला भाव बराच कमी दिसतो. शिवाय 31 डिसेंबर 2024 ची ओळच आलेली नाही. (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर: आधी सोपं निस्तरू. 'एंड'मध्ये (शेवटच्या तारखेत) दिलेला दिवस लायब्ररी धरत नाही, आदल्या दिवशीच थांबते. तिथे 1 जानेवारी 2025 लिहा, ओळ येईल.

भावाचं कोडं लाभांशात आहे. 'ऑटो अ‍ॅडजस्ट' ही सोय हल्लीच्या आवृत्त्यांत आपोआप चालू असते. समजा, शेअर 100 रुपयांवर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी 2 रुपये लाभांश वजा होऊन व्यवहार सुरू झाले. मग त्याआधीचा प्रत्येक भाव 0.98 ने गुणला जातो. पुढच्या वर्षी लाभांश मिळाला की पुन्हा गुणाकार. आठ-नऊ वर्षांचे असे गुणाकार साचले की 2016 चा भाव चांगलाच खाली येतो. परतावा मोजायला हाच भाव बरोबर आहे, कॉन्ट्रॅक्ट नोटशी ताडायला मात्र निरुपयोगी.

'ऑटो अ‍ॅडजस्ट'ला 'फॉल्स' द्या. 'क्लोज' आणि 'अ‍ॅडज क्लोज' असे दोन रकाने वेगळे येतील. त्यातला 'क्लोज' लाभांशापुरता अस्पर्श असतो, पण बोनस आणि विभाजनाचा भागाकार त्यातही झालेला असतोच, आणि तो बंद करायची कळ नाही. रिलायन्सचं पाहा. 28 ऑक्टोबर 2024 ला एकास एक बोनस लागू झाला. त्याआधीच्या शुक्रवारी बाजारात भाव 2,600 च्या वर होता, पण तक्त्यात आज त्या तारखेच्या ओळीत निम्माच आकडा दिसतो.

आणि नोटेतला भाव दिवसाच्या बंद भावाशी जुळवू नका. ब्रोकरेज धरण्याआधीचा दर घ्या आणि तो त्या दिवसाच्या 'हाय' आणि 'लो'च्या मध्ये बसतो का, एवढंच बघा.

जाता जाता एक इशारा. मागच्या वर्षी साठवलेल्या फायलीला नवे महिने खाली जोडू नका. मधल्या काळात लाभांश झाला असेल, तर जुने आकडे एका मापाचे आणि नवे दुसऱ्या. सांध्यावर खोटी पायरी दिसते आणि आलेख बघणारा तिला घसरण समजतो. दरवेळी सगळा इतिहास नव्याने उतरवा.

प्रश्न: प्रोजेक्टसाठी पन्नास कंपन्यांचे भाव एकेक करून मागवते. वीसेक झाल्या की 429 ची चूक येते. जे येतं त्यातल्या रिकाम्या ओळी काढल्या तर तक्ता एकदम आखूड होतो. (सयाजीगंज, वडोदरा)

उत्तर: 429 म्हणजे 'फार वेळा विचारलंत'. याहूने भाव पुरवण्याची आपली अधिकृत सोय 2017 मध्येच बंद केली. ही लायब्ररी याहूच्या संकेतस्थळाकडूनच माहिती उचलते, त्यामुळे तिकडे काही बदललं की इकडे मोडतं. म्हणून आधी लायब्ररी अद्ययावत करा. मग पन्नास चिन्हांची (कंपन्यांच्या बाजारातल्या लघुनावांची) एकच यादी करून 'डाउनलोड'ला द्या आणि आलेलं लगेच फायलीत ठेवा. कोड दुरुस्त करताना दर वेळी इंटरनेटवरून मागवत राहिलं की अडवणूक होणारच. चिन्हामागे एनएसईसाठी डॉट एनएस आणि बीएसईसाठी डॉट बीओ हवंच, नाहीतर त्याच चिन्हाची परदेशी कंपनी गळ्यात पडू शकते.

आखूड तक्त्याचं कारण नवी कंपनी. यादीत जिओ फायनान्शियल असेल, तर ती 21 ऑगस्ट 2023 ला बाजारात आली. कुठेही रिकामं घर असलेली ओळ काढली, की बाकी एकोणपन्नास कंपन्यांचा त्याआधीचा इतिहासही गेला. प्रत्येक कंपनीचा रकाना वेगळा काढून साफ करा. शनिवार-रविवार सरसकट गाळण्याचा मोहही टाळा: 1 फेब्रुवारी 2025 चा शनिवार अर्थसंकल्पाचा होता आणि बाजार उघडा होता.

एका मिनिटाचे भाव हवे असतील तर जुना काळ विसरा. ते जेमतेम गेल्या 30 दिवसांचे मिळतात, तेही एका वेळी सात दिवसांचे.

प्रश्न: भांडवली नफ्याच्या करासाठी 31 जानेवारी 2018 चा भाव लागतो. तो याच लायब्ररीतून घेतला तर चालेल का? (रावपुरा, वडोदरा)

उत्तर: नको. कायद्याला त्या दिवशीचा बाजारातला सर्वाधिक भाव हवा असतो, बंद भाव नव्हे. लायब्ररीतला 'हाय' त्यानंतरच्या बोनस-विभाजनाने भागलेला असू शकतो. बोनसमध्ये फसगत जास्त होते. 31 जानेवारी 2018 नंतर मिळालेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात, मूळ शेअरला मात्र त्या दिवशीचा न भागलेला भाव लागू होतो, फक्त तो विक्रीच्या भावापेक्षा जास्त धरता येत नाही. एकास एक बोनसनंतरचा भागलेला आकडा धरलात तर मूळ शेअरची किंमत निम्मी दिसेल आणि कर विनाकारण वाढू शकेल.

एक्सचेंजच्या संकेतस्थळावरून त्या तारखेची भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या सगळ्या शेअरच्या भावांची फाईल, उतरवा. त्यात त्या दिवशी बाजारात जे झालं तेच छापलेलं असतं. कंपनीची ओळ शोधताना 'सिरीज'मध्ये 'ईक्यू' (साधे शेअर) आहे ना, ते पाहा. अनेक वर्षांच्या भावकॉप्या एकाच कोडने वाचणार असाल, तर एनएसईने 8 जुलै 2024 पासून नवा साचा आणला आहे आणि रकान्यांची नावं बदलली आहेत. दोन काळांसाठी दोन वाचक-फंक्शनं लिहावी लागतील.